गाडीच्या दाराचे लॉक बिघडले तर: दोष शोधण्यापासून नवे लॉक बसवण्यापर्यंत

माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराने एके दिवशी रिमोटचे ऐकणे सोडले. बाकीची तीन दारे ‘खट्’ आवाज करून लागत आणि हे एक मात्र गप्प बसे. लॉक गेले असे गृहीत धरून मी नवे लॉक आणले, सुटीचा अख्खा दिवस खर्चून ते बसवले आणि संध्याकाळी रिमोट दाबला, तर दार तसेच गप्प. दोष लॉकमध्ये नव्हताच. दार आणि बिजागरीकडचा गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत एक वायर तुटलेली होती. नवे लॉक उगाच आले, जुने चांगले असताना निघाले, आणि घाईत डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणाच्या, तीन क्लिपा तुटल्या त्या वेगळ्याच.

हे काम पहिल्यांदा करणाऱ्याला सगळ्यांत जास्त त्रास लॉक बदलताना होत नाही, तर नेमके काय बिघडले आहे हे न पाहता पाना हातात घेतल्यामुळे होतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग तपासणीला दिला आहे. गाडीगणिक स्क्रूंच्या जागा आणि क्लिपांचे आकार बदलतात, परंतु कामाचा क्रम बहुतेक गाड्यांत हाच राहतो.

१. आधी लॉकचे भाग ओळखा

ज्याला आपण सरसकट ‘लॉक’ म्हणतो, ते चार-पाच वेगवेगळ्या भागांचे मिळून चालणारे काम आहे. दाराच्या कडेला, सहसा तीन स्क्रूंनी बसवलेला जो धातूचा भाग दिसतो तो लॅच. त्याच्या खाचेत एक फिरता आकडा असतो. दार लावताना हा आकडा गाडीच्या खांबावरच्या जाड कडीला, म्हणजे स्ट्रायकरला, कवेत घेतो आणि आतली एक खिटी त्याला मागे फिरू देत नाही. आकडा दोन टप्प्यांत अडकतो: पहिल्या ‘खट्’ला दार अर्धवट लागते आणि दुसऱ्याला पूर्ण. असे दोन टप्पे असावेत ही अट संयुक्त राष्ट्रांच्या ११ क्रमांकाच्या वाहन-नियमातच आहे, आणि पूर्ण लागलेल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन इतका जोर सोसला पाहिजे असेही तो नियम सांगतो. वाकलेला किंवा वेल्डिंग करून ‘नीट केलेला’ लॅच पुन्हा वापरू नये, त्याचे कारण हेच. अपघातात दार जागेवर ठेवणारा भाग तो आहे.

बाहेरचे आणि आतले हँडल एखाद्या सळईने किंवा केबलने ही खिटी उचलतात आणि दार सुटते. आता नवख्याला सहसा ठाऊक नसलेली गोष्ट: लॉक करणे म्हणजे दार जखडणे नव्हे, तर हँडल आणि खिटी यांच्यातला संबंध तोडणे. दार धरून ठेवण्याचे काम आकडा आणि खिटी कायम करतच असतात; लॉक केल्यावर हँडल फक्त रिकामे ओढले जाते. एवढे लक्षात ठेवले की अर्धी लक्षणे आपोआप उलगडतात.

हा संबंध जोडण्या-तोडण्याचे काम तीन ठिकाणांहून होते: किल्लीचे सिलिंडर, आतली खुंटी किंवा बटण, आणि सेंट्रल लॉकिंगची छोटी मोटर. बऱ्याच नव्या गाड्यांत ही मोटर लॅचच्याच डब्यात बंद असते, तर काही जुन्या गाड्यांत ती वेगळी बसवून सळईने जोडलेली असते. त्याच डब्यात दार उघडे आहे की बंद, हे गाडीला कळवणारा एक बारीक स्विचही असतो.

२. लक्षणांवरून दोषाची जागा ठरवा

सर्व दारे एकदम बंद पडली असतील तर एकाही दाराला हात लावू नका. रिमोटमधला सेल, सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज आणि गाडीची बॅटरी, या क्रमाने पाहा. रिमोट चालत नाही पण चालकाच्या दारावरचे बटण दाबल्यावर सगळी दारे लागतात, असे असेल तर दोष रिमोटच्या बाजूचा आहे. अनेक रिमोटांत ३ व्होल्टचा सीआर-२०३२ हा चपटा सेल असतो. आपला क्रमांक जुन्या सेलवर वाचूनच नवा घ्या.

एकच दार रिमोटला दाद देत नसेल, परंतु आतल्या खुंटीने व्यवस्थित लागत-उघडत असेल, तर यांत्रिक भाग ठीक आहे आणि दोष मोटरमध्ये किंवा त्या दाराच्या वायरींमध्ये आहे. अशा वेळी कान दाराला लावा आणि दुसऱ्या कोणाला बटण दाबायला सांगा. आतून घरघर ऐकू आली पण खुंटी हलली नाही, तर मोटरचे प्लॅस्टिकचे दाते झिजले आहेत. आवाज क्षीण असेल तर मोटर थकली आहे किंवा वीज कमी पोहोचते आहे. अजिबात शांतता असेल तर आधी वायर पाहा. माझ्या दारात शांतताच होती, आणि मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

बाहेरचे हँडल सैल लागते आणि दार फक्त आतून उघडते, याचा अर्थ बाहेरच्या हँडलची सळई निसटली आहे किंवा तिची प्लॅस्टिकची क्लिप तुटली आहे. उलट प्रकार, म्हणजे बाहेरून उघडते पण आतून नाही, हा मागच्या दाराला झाला असेल तर लॉकला दोष देण्याआधी चाइल्ड लॉक तपासा. दाराच्या कडेला लॅचजवळ एक छोटा खटका असतो. गाडी धुताना फडका लागूनही तो सरकतो. याच कारणासाठी लोक गाडी गॅरेजला नेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

किल्ली सिलिंडरमध्ये गरगर फिरते आणि काहीच होत नाही, तर सिलिंडरच्या मागचा छोटा दांडा किंवा त्याची सळई सुटली आहे. किल्ली आत जाते पण फिरत नाही, तर आतल्या पत्र्या अडकल्या किंवा झिजल्या आहेत. दुसरी, कमी वापरलेली किल्ली लावून पाहा, कारण अनेकदा झिजलेली असते ती किल्ली. दार पूर्ण बंद असूनही ‘दार उघडे’ हा दिवा पेटून राहतो किंवा गाडी लॉक होऊन लगेच पुन्हा उघडते, तर बारीक स्विचवर संशय घ्या. हा स्विच बहुधा वेगळा मिळत नाही, त्यामुळे तिथे पूर्ण लॅच बदलणे खरोखर गरजेचे ठरते.

३. पॅड न उघडता होणाऱ्या तपासण्या

दार लागतच नसेल आणि आदळून परत येत असेल, तर खाचेत पाहा. आकडा मिटलेल्या स्थितीत अडकला असेल तर स्ट्रायकरला आत शिरायला जागा उरत नाही. हँडल ओढून धरा आणि आकडा उघडा होतो का पाहा. होत नसेल तर हँडल तसेच धरून स्क्रू-ड्रायव्हरने आकडा हलकेच फिरवा. तो सुटला तर कचरा धुऊन निघेल असा साफ करणारा फवारा मारा, पुसा आणि मग पांढरे लिथियम ग्रीस थोडे लावा. कित्येक ‘मेलेली’ लॅच एवढ्यावर उठून बसतात. पातळ फवाऱ्याचे तेल केवळ घाण सोडवण्यापुरते असते, ते ग्रीसची जागा घेत नाही. किल्लीच्या सिलिंडरमध्ये मात्र ग्रीस किंवा तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. तिथे ग्रॅफाइटची भुकटी किंवा कोरडे वंगण चालते.

यानंतर दार अर्धे उघडून त्याची मोकळी कड दोन्ही हातांनी वर-खाली हलवा. बिजागरीत खेळ असेल तर दार खाली झुकते, आकडा स्ट्रायकरवर चुकीच्या उंचीला आदळतो, आणि नवा लॅचही थोड्याच दिवसांत तसाच त्रास देऊ लागतो. स्ट्रायकरवर एकाच बाजूला चकाकणारा ओरखडा दिसला तर हीच शंका घ्या. स्ट्रायकर सरकवायचा झाल्यास सैल करण्यापूर्वी त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून घ्या. ती रेघ नसेल तर मूळ जागा पुन्हा सापडणे कठीण होते.

शेवटी ती रबरी नळी. दार आणि खांब यांच्यामध्ये घडीदार रबराची नळी असते आणि दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. दार उघडताना-मिटताना दर वेळी त्या वाकतात, त्यामुळे वर्षानुवर्षांनी आतले तांबे तुटते आणि वरचे प्लॅस्टिक मात्र साबूत राहते, म्हणून नजरेला काहीच दिसत नाही. एकाने बटण दाबत राहावे आणि दुसऱ्याने दार हळूहळू हलवत नळी चिमटीत दाबून पाहावी. एखाद्या कोनात लॉक चालले आणि दुसऱ्या कोनात थांबले, तर दोष सापडला. नळीची कड सोडवून एकेक वायर हलकेच ओढून पाहा. चांगली वायर ताठ राहते. तुटलेली चिमटीत रबरासारखी ताणली जाते. माझ्या गाडीतल्या वायरीचे प्लॅस्टिक सोलल्यावर आत तांब्याऐवजी हिरवट भुकटी निघाली. असा तुकडा कापून, थोडी लांब नवी वायर घालून, डाग देऊन (सोल्डर करून) जोडावा आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेली जोडणी इथे टिकत नाही, कारण ती रोज वाकणार आहे.

४. काय काय जमवून ठेवावे

पॅड उचकटण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी, कारण लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने रंगावर आणि पॅडवर खुणा पडतात. साधे व चौफुली स्क्रू-ड्रायव्हर, १० मिलिमीटरचा सॉकेट, आणि चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिट. लॅचच्या स्क्रूंना बहुधा टी-३० लागतो. वीज मोजणारा मल्टिमीटर, वीज येते का हे दाखवणारा १२ व्होल्टचा छोटा दिवा म्हणजे टेस्ट लॅम्प, टॉर्च, लिथियम ग्रीस, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांवर लावायचे थ्रेडलॉक आणि आपल्या गाडीच्या डोअर पॅडच्या पाच-सहा जादा क्लिपा.

नवे लॉक मागवताना चॅसिस क्रमांक सोबत ठेवा आणि जुन्या लॅचवर छापलेला पार्ट नंबर जुळवून घ्या. डावे-उजवे हे चालकाच्या जागेवर पुढे तोंड करून बसल्यावर ठरते, गाडीसमोर उभे राहून नव्हे. पुढचे आणि मागचे लॅच बाहेरून सारखे दिसले तरी वेगळे असतात. कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडातल्या, पिना मोजा; एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांत त्या कमी-जास्त असू शकतात. किल्लीचे सिलिंडर चॅसिस क्रमांकावरून मागवणार असाल तर मालकी दाखवणारा नोंदणीचा कागद आणि स्वतःचे ओळखपत्र जवळ असू द्या. लॅच बदलल्याने किल्ली बदलत नाही. दाराचे सिलिंडर बदलले तर मात्र किल्ली वेगळी होते. जुन्या सिलिंडरमधल्या पत्र्या नव्यात घालून घेतल्या तर तीच किल्ली चालते, आणि हे काम किल्ली बनवणाऱ्याकडून करून घेणेच बरे. किल्लीतली इमोबिलायझरची चिप ही इंजिन सुरू होण्यासाठी असते, दाराच्या सिलिंडरशी तिचा संबंध नाही.

५. डोअर पॅड काढणे

काच पूर्ण वर घ्या, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि काही मिनिटे थांबा. काही गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगसाठीचा सेन्सर असतो. पिवळ्या कपलरांना आणि पिवळ्या वेष्टनाच्या वायरींना टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर अजिबात लावू नका. बॅटरी सोडल्यावर काही गाड्यांत रेडिओचा कोड पुन्हा मागितला जातो, तो आधीच शोधून ठेवा.

स्क्रू लपवलेले असतात: आतल्या हँडलच्या मागे, दार ओढण्याच्या मुठीत एखाद्या छोट्या झाकणाखाली, आणि आरशाच्या तिकोनी पट्टीमागे. पॅड जोर लावूनही हलत नसेल तर बहुतेक एखादा स्क्रू राहिला आहे. जोर वाढवण्याऐवजी पुन्हा शोधा. सगळे निघाल्यावर खालच्या कोपऱ्यापासून क्लिपा एकेक करून सोडवा, मग संपूर्ण पॅड वर उचलून काचेच्या पट्टीतून बाहेर काढा. तो एकदम ओढू नका, मागे खिडकीच्या बटणांचे कपलर आणि हँडलची केबल जोडलेली असते.

पॅडमागे चिकट काळ्या गोंदाने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसेल. तो लागेल तेवढाच, गोंद लांबवत हळू सोलावा आणि गोंदावर धूळ बसू देऊ नये. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आतच राहून खालच्या छिद्रांतून निघून जावे, यासाठी तो पडदा असतो. तो फाडला तर पुढच्या पावसात पायाखालची मॅट ओली होते आणि ते पाणी कुठून आले हे शोधण्यात दुसरी सुटी जाते.

६. विजेची अखेरची खातरजमा

लॉकमधली मोटर दोन तारांवर चालते. लॉक करताना वीज एका दिशेने जाते, उघडताना उलट्या दिशेने, आणि तीही जेमतेम अर्धा-एक सेकंद. म्हणून आकडे दाखवायला वेळ घेणारा मल्टिमीटर इथे फसवतो. टेस्ट लॅम्प जास्त विश्वासू. ही तपासणी करण्यापुरती बॅटरी पुन्हा जोडावी लागेल. पॅडवरचे कपलर आधी जागेवर लावा आणि ती जोडण्यापूर्वी दारातल्या सेन्सरचा कपलरही सुटलेला नाही ना ते पाहा. लॅचचा कपलर काढून मोटरच्या दोन तारांमध्ये दिवा लावा आणि लॉकचे बटण दाबायला सांगा. दिवा क्षणभर उजळला तर वीज दारापर्यंत येते आहे आणि मोटर खराब आहे. उजळला नाही तर मागे, रबरी नळीकडे आणि फ्यूजकडे जा. नवे लॉक आणू नका.

दुसरा पुरावा हवा असेल तर सुटलेल्या लॅचच्या मोटरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. चांगल्या मोटरचा रोध थोडे ओहम असतो. मीटर काहीच जोडणी दाखवत नसेल तर आतले ब्रश किंवा तारा गेल्या आहेत. मोटरला थेट बॅटरीची वीज देऊन पाहण्याचा मोह होतो, परंतु त्याच कपलरमध्ये बारीक स्विचच्या पिनाही असतात आणि त्यांना १२ व्होल्ट लागले तर चांगला स्विच जळतो. कोणती पिन कशाची, हे नक्की ठाऊक नसेल तर तो प्रयोग करू नका.

७. जुने लॉक काढणे

बॅटरी पुन्हा सोडा. सळया आणि केबली काढण्याआधी प्रत्येक जोडणीचे दोन बाजूंनी फोटो काढा. आता अगदी उघड वाटणारी रचना दोन तासांनी तशी वाटत नाही. सळईची प्लॅस्टिक क्लिप ओढायची नसते. ती आधी सळईवरून बाजूला फिरवायची आणि मग सळई छिद्रातून सरकवायची. बऱ्याच गाड्यांत काचेची मागची उभी पट्टी लॅचच्या वाटेत येते. तिचा खालचा बोल्ट काढून ती थोडी बाजूला करा.

दाराच्या कडेचे तीन स्क्रू कारखान्यातच थ्रेडलॉक लावून घट्ट बसवलेले असतात. बिट पूर्ण आत बसवून, मागून हातोडीचा एक-दोन ठोका देऊन, सरळ दाब ठेवत फिरवा. अर्धवट बसलेल्या बिटने स्क्रूचे डोके खरडले गेले, की पुढचे काम ड्रिलवर जाते. तिसरा स्क्रू काढताना एका हाताने लॅच आतून धरून ठेवा. मग तो खाली घेऊन, तिरका करून मोठ्या छिद्रातून बाहेर काढा. दारातल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

८. नवे लॉक बसवणे

जुने आणि नवे लॅच शेजारी ठेवून प्रत्येक दांडा, पिन आणि स्क्रूचे छिद्र ताडून पाहा. आत घालण्याआधी ज्या केबली नंतर हाताला येणार नाहीत त्या बाहेरच जोडून घ्या. तिन्ही स्क्रूंना थ्रेडलॉकचा एकेक थेंब लावा, आधी तिन्ही हाताने धरवा आणि मगच आवळा. एक पूर्ण आवळून दुसरा लावायला गेलात तर छिद्रे जुळत नाहीत. सळया जोडताना क्लिप बसल्याचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. बाहेरच्या हँडलच्या सळईला काही गाड्यांत आटे असतात. तिथे किंचित ढील ठेवा. सळई ताणलेली राहिली तर खिटी पूर्ण बसत नाही आणि चालत्या गाडीत दार सुटण्याचा धोका राहतो.

९. दार लावण्याआधीची परीक्षा

लेखातला एकच भाग लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. कपलर जोडला, बॅटरी लावली, आता दार लावून पाहावे असे वाटते, लावू नका. दार उघडेच ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने आकडा मिटवा, दोन वेळा ‘खट्’ झाले पाहिजे. बाहेरचे हँडल ओढा, आकडा उघडला पाहिजे. पुन्हा मिटवून आतले हँडल ओढा. पुन्हा मिटवून रिमोटने लॉक करा; आता बाहेरच्या हँडलने आकडा उघडता कामा नये. रिमोटने उघडा, आता उघडला पाहिजे. मग किल्लीने, मग खुंटीने, आणि मागचे दार असेल तर चाइल्ड लॉकच्या दोन्ही स्थितींत. संपूर्ण फेरी किमान पाच वेळा करा. एखादी सळई अर्धवट बसली असेल तर ती इथे उघडी पडते. हीच चूक दार बंद केल्यावर कळली, तर दोन्ही हँडल निकामी झालेले दार समोर असते आणि पॅडचे स्क्रू दाराच्या आतल्या बाजूला असतात.

सर्व ठीक असेल तर पडदा मूळ गोंदावर दाबून चिकटवा, पॅड वरून काचेच्या पट्टीत बसवून खाली आणा आणि क्लिपा तळहाताने ठोकून बसवा. सेन्सरचा कपलर जोडलेला आहे ना, ते पॅड लावण्यापूर्वीच पाहा.

१०. दार बंदच अडकले असेल तर

काही जणांचा बिघाडच इथून सुरू होतो, आणि हा सगळ्यांत जिकिरीचा प्रकार आहे. प्रथम दोन माणसांनी प्रयत्न करावा: एकाने दार बाहेरून तळहाताने, लॅचच्या उंचीवर, आत दाबून धरावे आणि दुसऱ्याने आतले हँडल ओढावे. रबराचा दाब खिटीवरून कमी झाला की ती कधी कधी सुटते. नंतर उलट, म्हणजे दार आतून बाहेर ढकलत बाहेरचे हँडल ओढून, पाहा. मोटर थकलेली असेल तर एकजण रिमोटचे उघडण्याचे बटण पुन्हा पुन्हा दाबत असताना लॅचजवळ मुठीने ठोके द्या. अडकलेली मोटर एखाद्या ठोक्याला हलते. दार त्या एका वेळेला उघडले, तर ते पुन्हा लावण्याचा धीर करू नका. आकडा उघडाच ठेवून थेट पाचव्या पायरीला लागा.

एवढे करूनही दार उघडले नाही तर पॅड बंद दारातच काढावा लागतो. त्यासाठी शेजारची सीट पूर्ण मागे सरकवा किंवा काढा, दिसणारे स्क्रू काढा आणि पॅडची मागची कड हळू उचलून हात जाईल एवढी फट करा. त्या फटीतून टॉर्चच्या उजेडात बाहेरच्या हँडलची सळई शोधून ती ज्या दांड्याला जोडली आहे तो दांडा बोटाने किंवा लांब स्क्रू-ड्रायव्हरने ढकला. आधी खुंटी उघडी असल्याची खात्री करा, नाही तर दांडा रिकामाच हलतो. या कामात पॅडच्या एक-दोन क्लिपा आणि कधी पॅडची कडही तुटते. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तार घालून किंवा पत्रा वाकवून उघडण्याच्या युक्त्या करू नका. काचेच्या पट्ट्या वाकतात, रंग उडतो, आणि वाकलेली चौकट पुढे कायम वारा आणि पाणी आत घेते.